आरटीएमचा पूर्वज

संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेवरची बोली 2018च्या आयपीएल लिलावात 4 कोटींवर थांबली आणि राजस्थान रॉयल्सने आरटीएम (‘राइट टू मॅच’, म्हणजे बोलीची बरोबरी करण्याचा हक्क) कार्ड वर केलं. बोली दुसऱ्याची, खेळाडू जुन्या मालकाचा. या हक्काचं कूळ अमेरिकन बास्केटबॉलमध्ये सांगतात: खेळाडू ऑस्कर रॉबर्टसनच्या खटल्यातली, जुन्या संघाला बरोबरीचा हक्क देणारी 1976ची तडजोड, मग 1984-85पासूनची पगारमर्यादा. आयपीएलपुरतं ते मान्य. पण परक्याने ठरवलेली किंमत मोजून आतल्याने वस्तू राखायची, ही युक्ती इस्लामी कायद्यातल्या ‘शुफा’त शतकानुशतकं आहे. सहहिस्सेदाराने जमीन परक्याला विकली, की उरलेला हिस्सेदार तेवढाच पैसा भरून ती मागू शकतो. ‘शिफा’ म्हणजे गुण येणं, याच्याशी या शब्दाचं नातं नाही. मूळ ‘शफ’, म्हणजे जोडी. शेजारचा तुकडा आपल्याला जोडून घेणं. मागणीला ‘तलब’ म्हणतात आणि पहिली तलब विक्री कानावर येताक्षणी करावी लागते, रेंगाळला त्याचा हक्क गेला. लिलावाच्या सभागृहातही कार्ड तत्काळच वर करावं लागतं.

आक्षेप येईल की एवढं लांब कशाला, ‘मिताक्षरा’ या हिंदू कायद्याच्या जुन्या ग्रंथातही जमीन विकताना गाव, भाऊबंद, शेजारी यांची संमती सांगितलीच आहे. ती आहे, पण ग्रंथकर्ता विज्ञानेश्वर तिचा हेतू व्यवहार उघड होणं आणि पुढचे तंटे टाळणं एवढाच मानतो. तिथे परक्याच्या किमतीची बरोबरी कुठेच नाही. आरटीएमचा प्राण बरोबरीत आहे, म्हणून माझ्या मते खरं नातं शुफाशी. दोघांची पळवाटही एकच, हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. शुफाचा हक्क बुडवायला खरेदीखतात किंमत फुगवून लिहीत, म्हणून खरी किंमत कोणती यावर न्यायालयांत वाद चालत. अमेरिकन बास्केटबॉलमधल्या ह्यूस्टन रॉकेट्सने 2012मध्ये तेच पगारमर्यादेच्या नियमांतून साधलं. न्यूयॉर्कच्या संघातल्या तेवीस वर्षांच्या जेरेमी लिनला देऊ केलेल्या करारात तिसऱ्या वर्षाचा पगार सुमारे 1.5 कोटी डॉलरवर नेला, म्हणजे न्यूयॉर्कने बरोबरी केलीच तर त्या वर्षी मर्यादेपुढच्या कराचा मोठा भुर्दंड बसावा. न्यूयॉर्कने लिनला सोडलं. फरक एवढाच, की फुगवलेली किंमत इथे खरोखर मोजायची होती.

आयपीएलने तर हा फुगवटा नियमातच बसवला. जेद्दाहमध्ये नोव्हेंबर 2024मध्ये अर्शदीप सिंगवर हैदराबादची बोली 15.75 कोटी होती. त्याच्या जुन्या संघाने, पंजाबने, कार्ड काढताच हैदराबादला ती आणखी एकदा वाढवायची मुभा मिळाली. हैदराबादने ती 18 कोटींवर नेली आणि पंजाबने तेवढे मोजले.