प्लंबर, वायरमन दारात आले, की आपण त्यांना कशावरून पारखतो?

नळ गळतो, पंखा बंद पडतो, भिंतीला ओल येते, तेव्हा आपण कारागिराला घरी बोलावतो. तो दारात उभा राहताच 'माणूस कामाचा दिसतो' किंवा 'याच्यावर लक्ष ठेवायला हवं' असं आपलं मत बनतं. त्याने पिशवीतून पानाही काढलेला नसतो. मग हे मत बनतं कशावरून आणि त्यावर किती विसंबावं?

काम दिसत नाही, माणूस दिसतो

भाजी घेताना ती हातात घेऊन पाहता येते. भिंतीत गाडलेल्या वायरिंगचा सांधा नीट झाला की नाही, हे मात्र काम संपल्यावरही आपल्याला कळत नाही. मायकल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा विचार मांडला. गाडीची दुरुस्ती किंवा डॉक्टरांचे उपचार यांसारख्या सेवांमध्ये ग्राहकाला विश्वासावरच पैसे मोजावे लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कामाची पारख करता येत नाही, म्हणून आपण जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो: कपडे, बोलणं, वेळ पाळणं, हत्यारांची पिशवी.

एका गुणावरून सगळे गुण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टी असूनही एकात चांगले गुण मिळालेल्याला इतरांतही चांगलेच मिळाले होते. यालाच पुढे 'हेलो इफेक्ट', म्हणजे प्रभावलय परिणाम, हे नाव रूढ झालं. इस्त्रीचा शर्ट घातलेला वायरमन आपल्याला हुशार आणि प्रामाणिकही वाटतो, तो याच कारणाने.

याची दुसरी बाजू कारागिराला सोसावी लागते. रंगाऱ्याच्या कपड्यांवर रंगाचे डाग असणारच, ड्रेनेज साफ करणाऱ्याच्या अंगाला वास येणारच. तो कामाचा भाग असतो. तरीही त्यावरून त्याला अरे-तुरे केलं जातं, त्याच्या मजुरीत घासाघीस होते. नवख्या, परप्रांतातून आलेल्या किंवा मराठी अडखळत बोलणाऱ्या कारागिराचं कौशल्यही अनेकदा असंच कमी लेखलं जातं.

कोणती खूण काय सांगते?

- कपडे, गणवेश, ओळखपत्र: माणूस कुठून आला हे कळायला मदत होते. हात किती बसलेला आहे, हे त्यावरून कळत नाही.
- वेळ पाळणं, उशीर होणार असेल तर फोन करणं: दिलेला शब्द तो कितपत पाळतो याचा अंदाज येतो.
- आधी पाहणी, प्रश्न, मग दर: न पाहताच 'सगळं बदलावं लागेल' म्हणणाऱ्यापेक्षा 'कधीपासून गळतंय?' असं विचारणारा बरा.
- हात लावण्याआधीची काळजी: वायरमन मेन स्विच बंद करतो का, टेस्टर लावून पाहतो का? प्लंबर आधी कॉक बंद करतो का? या सवयी कपड्यांपेक्षा जास्त बोलक्या असतात.
- काम झाल्यावर: बदललेला जुना भाग दाखवणं, सगळं चालू करून दाखवणं, कचरा आवरणं.

वीजजोडणीच्या कामासाठी एक पक्की खूणही आहे: सरकारी परवाना. महाराष्ट्रात हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत करून घ्यायचं असतं. परवाना पाहायला मागण्यात संकोच नको.

कारागिरासाठी आणि ग्राहकासाठी

कारागिराने महागडे कपडे घालायची गरज नाही. दारात नाव आणि काम सांगणं, चपला बाहेर काढणं, काम करायच्या जागी जुनं कापड अंथरणं आणि खर्चाचा अंदाज आधीच देणं, एवढ्यानेही ग्राहकाची धास्ती कमी होते. त्यात खर्च जवळजवळ काहीच नाही आणि पुढचं काम बहुधा ओळखीतूनच मिळतं.

ग्राहकाने आपलं पहिलं मत पक्कं न करता काम सुरू झाल्यावर ते पुन्हा तपासावं. गोड बोलणारा कामात कच्चा निघू शकतो आणि मळक्या शर्टातला अबोल माणूस गळती पहिल्याच फेरीत शोधून काढू शकतो. पारख हातांची करावी आणि ती होईपर्यंत दोघांनाही 'अहो' म्हणावं.