वहीत लिहिलेलं कोण वाचणार?

जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचा भरजरी झेंडा. नागपुरात मात्र हे नाव घेतलं की आठवते ती उत्तरेकडची सिंधी वस्ती आणि तिथली दुकानं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली.

सिंधी दुकानदार हिशेब लिहायचे ते हटवाणिका लिपीत. काना, मात्रा, वेलांटी जवळजवळ नाहीच. लिहायला झटपट, वाचू शकणार मालक आणि मुनीम. उत्तरेतल्या महाजनी लिपीचंही तेच. तिचा किस्सा अजून सांगतात : पत्रात लिहिलं ‘काका अजमेर गये’, घरच्यांनी वाचलं ‘काका आज मर गये’, आणि रडारड सुरू!

सरकारला मात्र इतरांनाही वाचता येईल अशी वही हवी होती. १८६० साली जेम्स विल्सन यांनी भारतात प्राप्तिकर आणला. १८६८ मध्ये मुंबई सरकारने (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता) शिक्षणखात्यातल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे व्यापाऱ्यांची लिपी सुधारण्याचं काम दिलं. तिला स्वरचिन्हं मिळाली.

इकडे नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. १९३८ साली या प्रांताने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर लावला. केंद्राने हरकत घेतली, पण फेडरल कोर्टाने प्रांताची बाजू उचलून धरली. १९४७ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा आला. म्हणजे सिंधहून आलेल्या व्यापाऱ्याने ज्या शहरात नवं दुकान थाटलं, तिथे विक्रीचा हिशेब सरकारला दाखवणं हाही नवाच रिवाज होता.

तरी वही त्याची स्वतःची होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हळूहळू ती दुसऱ्याच्या वहीशी बांधली गेली. समजा, तुम्ही १ लाखाचा माल घेतला, वर १८ टक्के कर, म्हणजे १८,००० रुपये भरले. १ जानेवारी २०२२पासून ते क्रेडिट मिळायला विक्रेत्याने ते बिल स्वतःच्या जीएसटीआर-१मध्ये दाखवावं लागतं. तुमचा १५ अक्षरी नंबर त्याने चुकीचा टाकला, तर ते बिल तुमच्या २बीमध्ये दिसतच नाही. पैसे मात्र तुमचे अडकतात. दुसऱ्याच्या आळसाचा दंड प्रामाणिक गिऱ्हाइकाने का भरावा, हे मला अजून पटलेलं नाही.

म्हणून हुशार दुकानदार दर महिन्याला ३बी भरण्याआधी खरेदीची यादी २बीशी ताडून बघतो, आणि न दिसणाऱ्या बिलासाठी विक्रेत्याला लगेच फोन लावतो. वर्षअखेरीला फोन केला तर कुणी दाद देत नाही. आणि हे सगळं दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचं; मधे मोबाइल बदलला, हरवला, तरीही.