कामठ्याचा बाक जुळवणे
कामठ्याच्या, म्हणजे धनुष्याच्या, दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून त्या थोड्याथोड्या तासण्याची क्रिया. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा बांबूचा असतो. पुष्कळदा दोरीही बांबूच्याच चिपेची. हत्यार साधे दिसते, पण बाक जुळवणे हे सबुरीचे काम.

भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी घटली की ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो; म्हणूनच शेवटी रंधा ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडतात. तासायचे ते पोटाकडून, म्हणजे नेमबाजाकडच्या बाजूने. पाठीवर ताण येतो, तिथले तंतू तुटले तर कामठा चिरतो. लाकूड ओले असेल तर बाक कायमचा बसतो.

कच्चा कामठा एकदम पूर्ण ओढू नये. आधी सैल, लांब दोरी लावून जरासाच वाकवतात. जिथे भुजा ताठ राहते तिथेच खरवडतात; जिथे कोपरासारखी मोडते तिथे हात लावत नाहीत. प्रत्येक खरवडीनंतर वीसतीस वेळा हलकेच ओढून मगच पुन्हा पारखतात. ठरलेल्या जोरापेक्षा जास्त तर कधीच ओढू नये. घाईने ओढलेल्या भुजेच्या पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या उठतात. त्या खरवडून जात नाहीत.