पंडितवाद की राजवाद? मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची साक्ष

ज्ञातिसंस्थेचा वार्षिक अंक हाती पडला की सर्वांत आधी उघडले जाते ते गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीचे पान. नायगावसारख्या बाजाराच्या गावी ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी सहीऐवजी अंगठा उठत असे, त्या घरांतील मुले-मुली आज पदवीधर होत आहेत, याचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु या यादीत नावापुढे गुणांची टक्केवारी तेवढी छापलेली असते. महाविद्यालयाने त्या विद्यार्थ्यास आणखी काय दिले, याचा रकाना तीत नसतो. तो रकाना भरावयाचा झाल्यास त्यात काय लिहावे, याचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातच सापडते.

निजामी राजवटीत नायगाव-बिलोलीकडील मुलास पदवी घ्यावयाची तर हैदराबादची वाट धरावी लागे. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजीचा सर्वत्र दरारा असताना एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण द्यावे, हे धाडस खचितच थोर होते. तथापि मराठी, तेलुगू व कानडी मुलांची ती मायबोली नव्हती. जे ज्ञान स्वभाषेत मुरवून घेता येत नाही, ते बहुधा पाठांतराच्याच आधाराने वागवावे लागते. त्या काळच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्यास हेच आले.

आणि तरीही १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि ही ठिणगी पुढे उस्मानिया विद्यापीठापर्यंत जाऊन पोहोचली. शेकडो विद्यार्थी काढून टाकण्यात आले. आपल्या संस्थानात शिक्षणाची दारे बंद झालेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. विचार करण्यासारखी गोष्ट ही की, या मुलांना जे सुचले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. समवयस्क मुले वसतिगृहात एकत्र राहिली, बोलली, भांडली आणि त्यातून त्यांना आपल्या स्थितीचे भान आले. अभ्यासक्रमाने जे दिले नाही, ते सहवासाने दिले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले, तर औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. या दुसऱ्या महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव देण्यात आले. ते का, हे आपल्या विद्यार्थ्यांस सहसा कोणी सांगत नाही.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्याचा व भिक्षू नागसेनाचा संवाद आहे. प्रश्न विचारून विचारून राजाने भल्याभल्या विद्वानांस निरुत्तर केले होते. तो नागसेनापुढे आला तेव्हा नागसेनाने त्यास आधी एक अट घातली. पंडित ज्या रीतीने वाद करतात त्या रीतीने बोलणार असाल तर मी बोलेन. राजे ज्या रीतीने बोलतात त्या रीतीने असेल तर बोलणार नाही. पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजे मात्र आपले मत मांडतात आणि जो ते मानीत नाही त्यास दंड करतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली, आणि उत्तर पटल्यावर तो नागसेनाचा शिष्य झाला. प्रश्न निर्भयपणे विचारावा आणि उत्तर पटल्यास ते प्रामाणिकपणे स्वीकारावे, हा आदर्श विद्यार्थ्यांपुढे राहावा म्हणून बाबासाहेबांनी हे नाव पसंत केले.

माझ्या मते महाविद्यालयीन शिक्षणाचे सार या एका भेदात आले. पाठांतर हा मूलतः राजवादच होय, कारण त्यात सांगितलेले मान्य करावयाचे असते. पंडितवाद पुस्तकातून पाठ होत नाही. तो शिकण्यास आपल्याहून वेगळ्या घरचा, वेगळ्या जातीचा व वेगळ्या मताचा सोबती समोर बसलेला असावा लागतो.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजने याचा एक जिवंत नमुना पाहिला. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांना इंटरच्या परीक्षेत अपयश आले होते. टक्केवारीच्या आपल्या यादीत त्यांचे नाव कधीच आले नसते. परंतु त्यांनी वाचन सोडले नाही. ते शाळेत शिक्षक झाले, पुढे एम.ए. झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांनी ज्या ज्या विषयास हात घातला, त्या त्या विषयात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मगच ते आपले मत सांगत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचे देहावसान झाले.

मात्र इतिहास केवळ अभिमानापुरता वाचू नये. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळण्यात आली. आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीस पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. नामांतरास विरोध करणाऱ्यांच्या मोर्चांत महाविद्यालयीन तरुणांचा भरणा होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. अखेर नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मतभेद असणे हा दोष नव्हे. परंतु वाद पंडितांच्या रीतीने न होता राजांच्या रीतीने झाला. पदव्या होत्या, विद्यापीठ होते, आणि तरीही मिलिंदाचा धडा पुष्कळांच्या गळी उतरलेला नव्हता.

आज परिस्थिती पालटली आहे. नायगावातच महाविद्यालय आहे. नांदेडास १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. शेजारच्या लातूरची अभ्यासपद्धती तर ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. तिच्यामुळे शेतकऱ्यांची व कामकऱ्यांची मुले डॉक्टर-इंजिनियर झाली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु प्रवेशपरीक्षा हा उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठा ओलांडण्यातच सारी शक्ती खर्च झाली, तर घरात शिरल्यावर काय करावे हे मुलास उमगत नाही.

याबाबत ज्ञातिसंस्थेस काही करता येईल काय? पुष्कळ करता येईल. गुणगौरव समारंभात टक्केवारीबरोबरच वक्तृत्व, निबंध व स्वतंत्र वाचन यांसही पारितोषिक ठेवावे. आपल्या वाचनालयाचे दार इतर ज्ञातींच्या मुलांसाठीही उघडे ठेवावे, म्हणजे समोर बसणारा वेगळ्या मताचा सोबती तेथेच लाभेल. आणि सर्वांत अवघड गोष्ट आपण वडीलधाऱ्यांनी करावयाची आहे. महाविद्यालयातून परतलेली मुलगी जेव्हा हुंड्याविषयी, लग्नातील खर्चाविषयी किंवा ज्ञातीच्या एखाद्या रूढीविषयी प्रश्न करते, तेव्हा ‘फार शिकलीस’ असे म्हणून तिला गप्प करणे हा निखळ राजवाद होय. तिच्या शिक्षणास पैसा आपणच पुरविलेला असतो आणि त्याचे फळ हाती आले की आपणच ते नाकारतो.

तिचे म्हणणे चूक असेल तर कारण देऊन दाखवावे, बरोबर असेल तर मान्य करावे. ज्या घरात हे घडेल, त्या घरात महाविद्यालयाची फी सत्कारणी लागली असे समजावे. अलमिति विस्तरेण.