जीन सापडला तर घरचे मानतील?

सात रस्त्याला चहा पिताना एका मित्रानं विचारलं, "गे असण्याचा जीन सापडला तर घरचे मानतील ना?" (त्याला विचारूनच सांगतोय, नाव नाही.) मी कोड लिहिणारा माणूस, पटकन 'हो' म्हणणार होतो. पण 'समाजस्वास्थ्य' आठवलं.

र. धों. कर्वे हे मासिक १९२७ पासून मुंबईतून काढत. वाचक भीतभीत प्रश्न पाठवत, कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील कोण? डॉ. आंबेडकर! त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा दाखला दिला. शिवाय, लोकांना असे प्रश्न पडतात तर त्यांना उत्तरं मिळायलाच हवीत, हेही मांडलं. खटला हरले. दंड २०० रुपये.

मला हा दुसरा मुद्दा जास्त भक्कम वाटतो, कारण संशोधन बदलत राहतं. १९९३ मध्ये डीन हेमर यांनी एक्स गुणसूत्राच्या एका भागाकडे बोट दाखवलं, केवढा गाजावाजा झाला! २०१९ मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली, तर असा एकच जीन नाहीच. थोडा थोडा परिणाम करणारे पुष्कळ. मग मित्र दोषी ठरला का?

आणि समजा सापडला. गर्भलिंग तपासून मुली पाडल्या जात होत्या, म्हणून १९८८ मध्ये कायदा करावा लागलेलं आपलं राज्य. इथे त्या जीनची टेस्ट कशासाठी वापरली जाईल?

हे सगळं मित्राला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. घरी अजून बोललेला नाही.