सावकाश धावणाऱ्यांचा इतिहास

धावण्याविषयी मी लेख लिहावा, हा आमच्या घरात फराळाबरोबर पुरणारा विनोद आहे. शाळेत शर्यतीच्या दिवशी माझे पोट न चुकता दुखत असे. मोठेपणी बस सुटताना दिसली, तर तिच्यामागे पळण्यापेक्षा पुढच्या बसची वाट पाहणे मी पसंत करीत आलो. असा मी वयाच्या ५३व्या वर्षी भल्या पहाटे शाळेच्या मैदानावर धावू लागलो.

कारण मात्र विनोदी नव्हते. आमचे अण्णा एस. टी.चे ड्रायव्हर. ५४व्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. पहिला झटका येऊन गेल्यावर येणारा-जाणारा त्यांना एकच सांगे, ‘आता स्वस्थ बसा.’ आम्ही मुलांनी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन दिला. ती आम्ही सेवाच समजत होतो. पुढे मला त्यांचे वय गाठायला एक वर्ष उरले, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितले, ‘तुम्ही पळायला हरकत नाही, पण सावकाश.’

सावकाश पळणे म्हणजे काय, हे ठाऊक नसल्यामुळे मी सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो. तिथे भेटले ते सगळे वीर. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई भेटला. आपल्याकडची हकीकतही भेटली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वाचून ऊर भरून आला. पण माझी अडचण तशीच राहिली. इतिहासाला एकोणिसावा चालतो. मैदानाला एक फेरी मारून कठड्यावर बसणारा चालत नाही.

माझ्यासारख्यांचा इतिहास मला सापडला तो एका बसमध्ये. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच गाडीवर दोन माणसे. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसाकाठी ५००हून अधिक पायऱ्या चढणारा. ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक, कंडक्टरांना कमी! मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे आढळले. म्हणजे सारा दोष खुर्चीचा नव्हता. तरीही पायी फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. अण्णांची ती दांड्याजवळची सीट, उशाला दुमडलेला टॉवेल, सगळे डोळ्यांपुढे आले.

पुढचा धागा न्यूझीलंडात सापडतो. ऑर्थर लिडियर्ड हा ऑकलंडचा माणूस जोड्यांच्या कारखान्यात काम करी. आपण धडधाकट आहोत, अशी त्याची समजूत होती. एका मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला आणि पार दमला. त्या फजितीतून तो स्वतःवरच प्रयोग करीत गेला. १९६० साली रोमला त्याचे दोन शिष्य, स्नेल आणि हॅलबर्ग, एकाच दिवशी तासाभराच्या आत सुवर्णपदके घेऊन आले. पण मला लिडियर्ड मोठा वाटतो तो त्यापुढच्या कामामुळे. हृदयविकाराच्या रोग्याने पडून राहावे, अशी समजूत असलेल्या त्या काळात त्याने पोक्त, स्थूल, हृदयविकारातून उठलेल्या माणसांना हळूहळू धावायला लावले.

१९६२ सालच्या अखेरीस अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिकडे गेले. जगातले उत्तम धावपटू घडवणारा हा पन्नाशीचा गृहस्थ एका रविवारी त्या मंडळींबरोबर निघाला, आणि पहिल्याच टेकडीवर मागे पडला. सोबतीला थांबले कोण? सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक आजोबा! गुरूची ती शरमच शिकवणी ठरली. मायदेशी परतल्यावर १९६३ साली बॉवरमननी युजीन गावात सामान्य नागरिकांना धावायला बोलावले. इतकी गर्दी लोटली, की कुणाला काही होऊ नये म्हणून त्यांना थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागला. मग हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्या साथीने त्यांनी १९६७ साली ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक काढले. त्यातला एक नियम मला फार आवडतो. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर तुमचा वेग जास्त आहे.

या वाटेवरची माझी पायरी मात्र १९९६ सालची. जोश क्लार्क या अमेरिकन तरुणाने कधीही न धावलेल्यांसाठी नऊ आठवड्यांचा क्रम आखला. आठवड्यातून तीन दिवस. आरंभी पाच मिनिटे झपझप चालायचे, मग ६० सेकंद धावायचे, ९० सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे. साठ सेकंद म्हणजे किती, हे पहिल्या दिवशी कळले. मैदानाच्या कोपऱ्यावरील कडुलिंबापासून नळापर्यंत! नळाशी मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो, आणि क्रिकेटची पोरे माझ्याकडे पाहत होती. नऊ आठवड्यांचा तो क्रम मला पुरा करायला पाच महिने लागले. चौथा आठवडा तर मी तीनदा केला.

आता शेजारचे निवृत्त मास्तर सोबतीला असतात. बॉवरमनच्या नियमाप्रमाणे आम्ही बोलत धावतो. आम्हांला मागे टाकून जाणाऱ्या बायका बहुधा आमच्या गप्पाच ऐकून हसत असाव्यात.

आईची मात्र भीती जात नव्हती. मी बूट घातले, की ती दारात येऊन म्हणे, ‘जिवाला जप रे, कशाला पळतोस?’ गेल्या आश्विनात मी ५५ पूर्ण केली. त्या पहाटे थोडा गारठा होता, म्हणून मी अंथरुणात लोळत पडलो होतो. आई काठी टेकत आली, बूट माझ्या पायांशी ठेवले आणि म्हणाली, ‘ऊठ. मास्तर खाली थांबलेत.’