थाळनेरचे पांच दरवाजे

पानिपतचें नांव निघालें कीं आपल्या मनांत सैन्याचे आंकडे उभे राहत नाहींत. उभें राहतें तें एक पत्र. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालें, आणि पुढें दहा दिवसांनीं भेलशाजवळ एका सावकाराच्या जासुदापाशीं असलेलें पत्र नानासाहेब पेशव्यांच्या हातीं लागलें. त्यांत ना रणांगण होतें ना रक्त. भाषा पेढीवरची: मोत्यें कोणतीं गळालीं, मोहरा किती हरवल्या, आणि खुर्दा तर मोजण्यापलीकडचा. मोत्यें म्हणजे कोण, हें वाचणाऱ्यास कोणी सांगावें लागलें नाहीं. एक त्याचा पुत्र होता, दुसरा चुलतभाऊ.

नाना फडणीस त्या वेळीं अठरा वर्षांचे होते. त्यांच्या आत्मवृत्तांत रणांतून निसटल्यावर पायीं, अंगावर धड वस्त्र नसतां केलेला प्रवास आहे, आणि हरवलेली आई आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं तर वैधव्य मानलेंच नाहीं; १७८३ सालीं मरण येईपर्यंत कपाळींचें कुंकू त्यांनीं पुसलें नाहीं. पराभव म्हणजे काय हें या कुंकवानें जेवढें कळतें तेवढें, माझ्या मतें, एकाही नकाशानें कळत नाहीं.

पण हें सारें आपल्याला ठाऊक झालें तें हरलेल्यांनीं लिहिलें, बोललें, आणि घराघरांतून जपलें म्हणून. आज मला ज्या पराभवाविषयीं सांगावयाचें आहे, त्याची सविस्तर हकीकत जिंकणाऱ्यांनींच लिहिलेली आहे.

नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर आहे. ऊंस आणि सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख. त्या कारखान्याच्या नांवांत सातपुडा आणि तापी दोन्ही आहेत. तेथून तापीच्या उत्तर कांठानें प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडे निघालें कीं धुळे जिल्ह्यांत थाळनेर लागतें. फारुकी राजांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तेथें अजून आहेत. १८१८ च्या आरंभीं येथील किल्ला होळकरांच्या माणसांकडे होता.

होळकरांचें राज्य तेव्हां खचलेलें होतें. २० डिसेंबर १८१७ ला तुळसाबाईंचा त्यांच्याच सैन्यानें क्षिप्रेच्या कांठीं शिरच्छेद केला, दुसऱ्या दिवशीं महिदपूरला मोड झाला, आणि ६ जानेवारीस मंदसोरच्या तहानें खानदेशांतला मुलूख इंग्रजांकडे गेला. तह झाला माळव्यांत; किल्ला उभा होता तापीवर. २७ फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉप याची फौज थाळनेरपुढें आली. किल्लेदार तुळशीराम मामा यास निरोप गेला कीं किल्ला आतां इंग्रजांचा आहे, प्रतिकार कराल तर बंडखोर समजूं. तटावरून बंदुका वाजल्या, आणि तोफा सुरू झाल्या.

इंग्रज अधिकाऱ्यांनीं या किल्ल्याचें माप मोठ्या काळजीनें लिहून ठेवलें आहे. एक बाजू तापींतून वर आलेली, उरलेल्या तिन्ही बाजूंस रुंद घळ, तट सुमारें ६० फूट, प्रवेश फक्त पूर्वेकडून, आणि तोही एकामागून एक पांच दरवाजांतून, वळणावळणाच्या चढानें, मध्यें पायऱ्या. हीं मापें वाचतांना मला त्या बोळांतला काळोख दिसतो. लिहिणाऱ्याच्या तें मनांतही नसेल.

दुपारपर्यंत आंतल्या लोकांनीं बोलणें लावलें. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रज शिपाई एकेक दरवाजा ओलांडीत अखेरच्या दरवाजाशीं पोंचले. त्याची दिंडी तेवढी उघडली गेली. आंत सुमारें तीनशे अरब शिबंदी होती. दिंडींतून काहीं अधिकारी आणि थोडे शिपाई आंत शिरले. अरबांची भाषा यांना कळत नव्हती, यांची त्यांना नाहीं. अभय आहे कीं नाहीं, हें विचारण्याइतकाही शब्द दोघांत समान नव्हता. तेथेंच झटापट उडाली. दोन इंग्रज अधिकारी ठार झाले. मग बाहेरची फौज आंत घुसली आणि शिबंदी कापून काढण्यांत आली. त्याच दिवशीं किल्लेदारास फांशीं दिलें. अपराध विश्वासघाताचा ठरला. पण घात झाला तेव्हां तो किल्ल्याबाहेर, शत्रूच्या हातांत होता!

ही गोष्ट विलायतेलाही टोचली. १८१९ च्या मार्चमध्यें पार्लमेंटांत हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला, तेव्हां थाळनेरचें कृत्य त्यांतून वगळावें लागलें. ठराव मांडणाऱ्या कॅनिंगनेंच तशी सोय ठेवली होती. म्हणजे किल्लेदाराच्या मृत्यूची चर्चा लंडनला झाली. ती सभ्य होती, कायदेशीर होती. तिच्यांत अपराध होता, अधिकार होता, पुरावा होता. त्या पायऱ्यांवर शस्त्र धरून उभ्या असलेल्या माणसाची कोरडी पडलेली जीभ तिच्यांत नव्हती, आणि दिंडींतून आंत येणारी परक्या बोलीची ओरडही नव्हती.

भेलशास अडविलेल्या पत्राची रीत लावली, तर थाळनेरच्या किल्लेदाराची एखादी मोहर म्हणून तरी नोंद झाली असती. दरवाजाआडचे ते तीनशे मात्र खुर्द्यांतच गेले असते.